मातीच्या वहीत मुंबईची उधारी

जुन्नर तालुक्यातल्या माझ्या मामाच्या घरी ओसरीवरच्या कॅलेंडरमागे माती परीक्षणाचे दोन अहवाल खोचून ठेवलेले असतात. एक विहिरीकडच्या रानाचा. तिथे मामा गेली वीस वर्षं टोमॅटो, फ्लॉवर आणि कोथिंबीर घेतो, सगळं रासायनिक खतांवर. दुसरा ओढ्याकडच्या पाऊण एकराचा. मामीने हट्ट धरला म्हणून सहा वर्षांपूर्वी तिथला युरिया बंद झाला. तेव्हापासून शेणखत, थोडं कोंबडीखत आणि पावसाळ्यात पेरून गाडलेला ताग, एवढ्यावरच तिथली भाजी येते. गेल्या दिवाळीत मी दोन्ही कागद घेऊन बसले. मनात खात्री होती की एक कागद आजारी माणसाचा निघेल आणि दुसरा धडधाकट माणसाचा.

नत्र (नायट्रोजन) दोन्हीकडे 'कमी'. स्फुरद (फॉस्फरस) दोन्हीकडे 'जास्त'. पालाश (पोटॅश) दोन्हीकडे भरपूर, जस्त दोन्हीकडे अपुरं. फरक होता तो एकाच ओळीत. सेंद्रिय कर्बापुढे, म्हणजे कुजलेल्या शेणा-पाल्यातून मातीत राहिलेल्या कार्बनपुढे, विहिरीच्या रानाला 'कमी' असा शेरा होता, ओढ्याकडच्या तुकड्याला 'मध्यम'.

"बघ," मामा म्हणाला, "तुमच्या मुंबईत ज्याचे तिप्पट पैसे मोजता ना, ते हे एवढंच."

मामी आतून म्हणाली, "एवढंच म्हणू नका. पाऊस उघडल्यावर तिला दोन्ही रानांतनं चालवून आणा, मग सांगा."

मला दोघांचंही म्हणणं पटलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मी मुलुंडला राहते. इथे भाजीवरून होणारा वाद आता ठरलेल्या वळणाने जातो. स्टेशनबाहेर मेथीची जुडी एका भावाला मिळते, रविवारी सोसायटीच्या फाटकाशी लागणाऱ्या टेबलावर तशीच दिसणारी 'सेंद्रिय' जुडी तिच्या तिप्पट भावाला. एक शेजारीण म्हणते, स्टेशनवरची भाजी म्हणजे विष. दुसरी म्हणते, सेंद्रिय हे पैसेवाल्यांचं खूळ. दोघी जुडीकडे बघून भांडतात. जुडी जिथून उपटली त्या जागेकडे कुणाचं लक्ष नसतं. माझं म्हणणं असं आहे की भाजी सेंद्रिय की रासायनिक, हा ग्राहकाने नंतर विचारायचा प्रश्न आहे. त्या रानातून दर हंगामाला जे उचललं जातं ते परत कोण भरतं आणि कशाने भरतं, हे आधी विचारायला हवं. आणि ते मनापासून विचारलं की बोट शेतकऱ्याकडून वळून आपल्याच शहराकडे येतं.

आधी मातीचं बोलू. पिकाच्या मुळाला शेण खाता येत नाही. नत्र ते नायट्रेट किंवा अमोनियम या रूपात घेतं, स्फुरद फॉस्फेटच्या रूपात, आणि ते युरियाच्या गोणीतून आलं की उकिरड्यातून, हे मुळाला कळत नाही. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये ही गोष्ट ठासून मांडली आणि तेव्हापासून आजवर ती खोटी ठरलेली नाही. त्यामुळे 'रासायनिक नत्र' आणि 'नैसर्गिक नत्र' असा भेद करून भाजीच्या पौष्टिकतेबद्दल बोलणं मला पटत नाही. भेद आहे तो नत्र येण्याच्या चालीत. युरिया ओल्या जमिनीत काही दिवसांत विरघळून मोकळा होतो. शेणखतातलं नत्र जिवाणू हळूहळू सोडवतात, पहिल्या वर्षी साधारण तिसरा हिस्सा, उरलेलं पुढच्या वर्षांत. एक हातात पडलेली रोकड, दुसरी मुदत ठेव.

अहवालातले नत्र-स्फुरदाचे आकडे त्या दिवशी पिकाच्या हाताशी साधारण किती आहे, याचा अंदाज देतात. ठेव कळते ती सेंद्रिय कर्बाच्या ओळीतून. आपल्याकडे ०.५ टक्क्याखाली कर्ब असला की 'कमी', ०.७५ पर्यंत 'मध्यम', त्यावर 'जास्त', अशी प्रयोगशाळांची पट्टी आहे. हे आकडे एवढेसे वाटतात, म्हणून एकदा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. एका हेक्टरातला वरचा वीतभर, म्हणजे पंधरा सेंटिमीटरचा थर सुमारे २२ लाख किलो भरतो. त्यात ०.५ टक्का कर्ब म्हणजे ११ हजार किलो. मातीतल्या कर्बाबरोबर त्याच्या दहाव्या-बाराव्या हिश्शाइतकं नत्र बांधलेलं असतं, म्हणजे जवळजवळ १,००० किलो. त्यातलं वर्षाला दोन-तीन टक्के मोकळं होतं. म्हणजे ही माती स्वतःच्या ताकदीवर पिकाला वर्षाकाठी २० ते ३० किलो नत्र देते. संकरित टोमॅटोसाठी आपल्याकडची शिफारस आहे हेक्टरी ३०० किलो नत्र.

या दरीत पाऊल न टाकता सेंद्रिय शेतीबद्दल बोलता येत नाही, आणि शहरातली बहुतेक बोलणी ती दरी न बघताच होतात.

ती भरायची कशाने? चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असतं, टनाला पाच किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत ४६ टक्क्यांच्या हिशेबाने वीस किलोंहून थोडं जास्त. म्हणजे एक गोणी बरोबर चार टन शेणखत. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, मोटरसायकलवर टाकून आणता येते आणि एक माणूस तासाभरात विस्कटून येतो. चार टन शेणखताला ट्रॉली लागते, मजूर लागतात, आणि मुळात शेण लागतं. मामाच्या गोठ्यात पूर्वी दोन बैलजोड्या होत्या, आता एक म्हैस आहे. नांगरट ट्रॅक्टर करतो. लहानपणी मी बघितलंय, सुगी झाली की धनगर यायचे आणि मामा त्यांची मेंढरं चार-पाच रात्री रानात बसवायचा. बदल्यात धान्य द्यायचा. सकाळी रान लेंड्यांनी काळं दिसायचं. आता रानात बाराही महिने भाजी उभी असते, मेंढरं बसवायला मोकळी रात्रच उरलेली नाही. धनगरांचे वाडेही पूर्वीसारखे येत नाहीत.

या सगळ्यात शेतकऱ्याला दोषी धरणं मला अन्यायाचं वाटतं. २०१० साली केंद्राने खतांचं अनुदान त्यांतल्या अन्नद्रव्यांशी जोडलं, पण युरियाला त्यातून वगळलं. युरिया जागच्या जागी स्वस्त राहिला आणि स्फुरद-पालाशाची खतं महागली. ज्याचा खिसा तुटपुंजा, तो ज्याचा भाव कमी तेच जास्त टाकणार. त्यातलं निम्मं किंवा त्याहून अधिक नत्र पिकाला लागतच नाही, ते हवेत उडून जातं नाहीतर पाण्याबरोबर विहिरीत झिरपतं. आपण मात्र मुंबईत बसून म्हणतो, 'हल्ली शेतकरी फार खतं मारतात'. त्या शेतकऱ्यापुढे दुसरी कुठली वाट आपण ठेवली होती?

पण सेंद्रियवाल्यांचं सगळं खरं, असंही मी म्हणू शकत नाही. शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या जीवामृताचंच घ्या. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी जीवामृतावरच्या शेतीपद्धतीचा प्रसार केला, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, आणि अनेक शेतकऱ्यांचा खर्च तिने खाली आणला यात शंका नाही. एकराला दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, दोनशे लिटर पाणी. यातलं सगळं नत्र एकत्र केलं तरी पाव किलोच्या आसपास भरेल. महिन्यातून दोनदा दिलं तरी भाजीच्या भुकेपुढे ते नगण्य. या पद्धतीचे जाणते लोक स्वतःच सांगतात की जीवामृत हे खत नव्हे, विरजण आहे, आणि ते मला पटतं. पण विरजण लावायला पातेल्यात दूध लागतं. ज्या रानात पालापाचोळा, शेण, द्विदल पिकं यांतून सेंद्रिय पदार्थ येतच नाही, तिथे नुसतं विरजण किती दिवस पुरेल? ज्वारी-तुरीच्या कोरडवाहू रानाचं एक वेळ भागेल. वर्षाला तीन पिकं काढणाऱ्या भाजीच्या रानाचं भागणार नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली आणि नोव्हेंबरात ती मागे घेतली. भाताचं आणि चहाचं उत्पादन कोसळलं होतं. दूध न साठवता गाय विकली की असं होतं.

मामाच्या दोन्ही अहवालांत स्फुरद जास्त का, हेही इथेच उलगडतं. विहिरीकडे दर पिकाला डीएपी हे स्फुरदाचं रासायनिक खत पडतं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते चुन्याशी बांधलं जातं, म्हणून शेतकरी पुन्हा टाकतो, आणि जमिनीत साठा वाढत राहतो. ओढ्याकडे डीएपीचा कण नाही, पण कोंबडीखत आहे. भाजीला नत्र लागतं जास्त आणि स्फुरद त्या मानाने फार थोडं. कोंबडीखतात मात्र दोन्ही जवळजवळ बरोबरीने असतात. नत्राची गरज भागेल इतकं कोंबडीखत टाकलं की स्फुरद गरजेच्या कितीतरी पट पडतं. जगभरातल्या सेंद्रिय भाजीपाल्याच्या शेतांत हीच तक्रार आहे. 'सेंद्रिय म्हणजे जास्त झालं तरी अपाय नाही' हा समज म्हणूनच धोक्याचा. पावसात वाहून गेलेलं स्फुरद तळ्यात शेवाळ माजवतं, आणि ते गोणीतून आलं होतं की खुराड्यातून, हे तळ्यालाही कळत नाही.

मग ओढ्याकडच्या 'मध्यम'ला काही किंमत आहे की नाही? आहे, आणि मोठी आहे. मामीचं ऐकून मी पुढच्या पावसाळ्यात खरंच चालून बघितलं. विहिरीच्या रानात दहा पावलांत चपलेला दोन-दोन किलोंचा चिखल चिकटला. उघडीप मिळाल्यावर तिथे ढेकळं झाली आणि भेगा पडल्या. ओढ्याकडे दोन दिवसांत वाफसा आला, म्हणजे माती कामाजोगी झाली. मुठीत घेतलेली माती बोटांनी दाबली की सुटत होती आणि कुदळीच्या प्रत्येक घावाला गांडूळ दिसत होतं. सेंद्रिय कर्ब हा नुसता नत्राचा डबा नसतो. तो मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो, पाणी धरतो, आणि आपल्या जास्त सामू (पीएच) असलेल्या जमिनीत कुलपात पडलेलं लोह आणि जस्त मुळांच्या हाती यायला मदत करतो. पंधरा दिवस पावसाने दडी मारली तेव्हा विहिरीच्या रानाला पाणी द्यावं लागलं, ओढ्याकडच्याला आठवडाभर नंतर. माती परीक्षणाच्या कागदावर यासाठी रकाना नाही.

हे एकट्या मामीच्या पाऊण एकराचं निरीक्षण असतं तर मी त्यावर एवढी भिस्त ठेवली नसती. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला ब्रॉडबॉक नावाचं शेत आहे. तिथे १८४३ पासून गव्हाच्या काही पट्ट्यांना फक्त शेणखत, काहींना फक्त रासायनिक खत आणि एका पट्टीला काहीच नाही, असा प्रयोग चालू आहे. पुरेसं रासायनिक खत दिलेल्या पट्ट्यांचं उत्पादन शेणखताच्या पट्टीच्या तोडीस तोड राहिलं. मातीचा कर्ब मात्र शेणखताच्या पट्टीत कितीतरी वाढला, काहीच न मिळालेल्या पट्टीच्या दुपटीहून जास्त झाला. दर वर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडलं तेव्हा हे घडलं, ही गोष्ट सांगताना लोक गाळतात. एवढं शेण आपल्याकडे कुणाच्या गोठ्यात आहे? स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून सेंद्रिय आणि रूढ, म्हणजे रासायनिक खतांची, शेती शेजारी शेजारी ठेवून तपासली जाते. एकवीस वर्षांचा हिशेब २००२ साली प्रसिद्ध झाला. सेंद्रिय रानाचं उत्पन्न सरासरी २० टक्के कमी होतं, गांडुळं आणि जिवाणू जास्त होते, आणि मातीतलं सहज मिळणारं स्फुरद व पालाश कमी होतं. मामाच्या कागदावर ओढ्याकडचं स्फुरद जास्त, तिकडे कमी. दोन्ही रानं सेंद्रियच. पाटी तीच असताना मातीतले आकडे उलटसुलट येतात, कारण आकडे ठरतात ते काय टाकलं आणि किती टाकलं यावर.

आणि आपलं हवामान तिकडचं नाही. थंड मुलखात जमिनीत गेलेला कर्ब टिकतो. दख्खनच्या उन्हात जिवाणू तो भराभर जाळून टाकतात. इथे कर्ब ०.४ वरून ०.६ वर नेणं हे पाच-दहा वर्षांचं व्रत आहे, आणि दोन हंगाम शेणखत चुकलं की उतरण लागते. मामीने सहा वर्षांत मिळवलेला तो एक शेरा मला म्हणूनच लहान वाटत नाही.

ताटातल्या भाजीचं काय, असं विचारणारे विचारतातच. २०१२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र चाळले. सेंद्रिय भाज्या-फळांत जीवनसत्त्वं ठळकपणे जास्त असल्याचं त्यांना दिसलं नाही, कीटकनाशकांचे अंश मात्र कमी सापडले. २०१४ मध्ये ब्रिटनमधून ३४३ अभ्यासांचा आढावा आला. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि नायट्रेट व कॅडमियम कमी आढळले. कॅडमियम हा विषारी धातू काही अंशी फॉस्फेट खतांच्या खडकातूनच येतो, त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. मला यातून एवढंच दिसतं की फवारणीची भीती खरी आहे आणि तिचा प्रश्न वेगळा आहे. आपण दोन्हींची खिचडी करतो. कीटकनाशकाच्या अंशाची धास्ती घेतो आणि शिव्या युरियाला घालतो. पालकावर काल काय फवारलं, काढणीपूर्वी किती दिवस थांबले, हे विचारणं प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे आणि त्यासाठी बाजारात नमुने तपासले गेले पाहिजेत. पण मातीचं आरोग्य त्या तपासणीत दिसणार नाही.

ते पाटीवरही दिसत नाही. सेंद्रिय प्रमाणीकरणाचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून चालू आहे. हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागांना तीन वर्षं रूपांतराचा काळ पाळावा लागतो, कागदपत्रं ठेवावी लागतात, तपासनीस येतात. हे सगळं मुख्यतः काय टाकलं नाही याची हमी देतं. मातीत काय उरलं, वाढलं की घटलं, हे ग्राहकापर्यंत येत नाही. मला वाटतं, सेंद्रिय मालावरच्या सरकारी चिन्हाखाली एक ओळ सक्तीची व्हावी: या शेताचा सेंद्रिय कर्ब तीन वर्षांपूर्वी किती होता आणि आज किती आहे. आणि ही ओळ लावण्याची मुभा रासायनिक खतं वापरणाऱ्या शेतकऱ्यालाही असावी. जो युरिया मोजून देतो, शेणखत घालतो, ताग गाडतो आणि कर्ब वाढवून दाखवतो, त्याच्या टोमॅटोला दोन रुपये जास्त का मिळू नयेत? आज त्याला बाजारात नावच नाही. तो सेंद्रियवालाही नाही आणि विषवाला म्हणून शिव्या खायला मात्र आहे.

दुसरी एक गोष्ट फार थोडे लोक बोलतात. ओढ्याकडच्या रानात येणारं शेण कुठून येतं? मामाची म्हैस आणि शेजाऱ्याच्या गायी खातात तो मका आणि ऊस युरियावर वाढलेला असतो. कोंबड्यांचं खाद्यही तसंच. म्हणजे कारखान्यात हवेतून खेचलेलं नत्र चाऱ्यातून गोठ्यात आणि गोठ्यातून सेंद्रिय रानात येतं. फ्रान्समध्ये २०१३ साली हाच हिशेब मांडला गेला, तेव्हा सेंद्रिय शेतांत येणाऱ्या स्फुरदापैकी ७३ टक्के रूढ शेतीतूनच उसनं आलेलं निघालं. याचा अर्थ सेंद्रिय शेती खोटी, असा मी काढत नाही. अर्थ एवढाच की दोन्ही रानं एकाच हंड्यातून पाणी घेताहेत, आणि तो हंडा खालून गळका आहे.

गळती आपल्याकडे आहे. रोज रात्री नाशिक, जुन्नर, मंचर, साताऱ्याकडून टेम्पो भरून वाशीच्या बाजार समितीत येतात, तिथून भाजी दादरला, भायखळ्याला आणि गल्लोगल्ली पोचते. प्रत्येक कॅरेटमध्ये टोमॅटोबरोबर त्या रानाचं नत्र, स्फुरद, पालाश आणि कणभर जस्त असतं. आपण खातो. देठ, साली, सडका माल कचऱ्यात जातो, बाकीचं आपल्या शरीरातून गटारात. मुंबईत रोज सहा हजार टनांच्या वर कचरा निघतो, त्यातला निम्म्याहून जास्त ओला. देवनारला १९२७ पासून तो साचत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या आगीचा धूर दिवसचे दिवस शहरावर होता. आता बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, आणि वारा फिरला की आम्हा मुलुंडकरांना खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तो वास म्हणजे एका अर्थी जुन्नरच्या मातीचाच. कर्ब आणि नत्र, चुकीच्या जागी कुजणारं.

गटाराचा हिशेब याहून मोठा आहे. आपल्या आहारावर माणसाच्या शरीरातून वर्षाला अडीच ते तीन किलो नत्र बाहेर पडतं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. अडीच किलो धरले तरी वर्षाला ३१ हजार टन नत्र होतं. युरियाच्या सुमारे १५ लाख गोण्या. कुलाबा ते भांडुप अशा मैलापाणी केंद्रांतून आणि वरळी-वांद्र्याच्या समुद्रात नेलेल्या नळांतून त्यातलं बरंचसं अरबी समुद्राला मिळतं. समुद्राने ते मागितलेलं नाही.

मराठीत माणसाच्या मैल्यापासून केलेल्या खताला सोनखत म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याचं सोनखत आसपासच्या उसाच्या मळ्यांना जात असे आणि शेतकरी त्याला चांगला भाव देत. ही आठवण आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, पण ते सोनं डोक्यावरून वाहणारी माणसं कोण होती, त्यांना जन्मावरून त्या कामाला कसं जुंपलं होतं, हे सांगितल्याशिवाय ती सांगण्याचा आपल्याला हक्क नाही. ती प्रथा कायद्याने बंद झाली, १९९३ मध्ये आणि पुन्हा अधिक कडकपणे २०१३ मध्ये, तरी माणसं आजही गटारात उतरून मरताहेत. चक्र पुन्हा जोडायचं तर यंत्रांनी जोडायचं. माणसाच्या हाताला मैला लागणार असेल तर मला ते चक्र नको.

शिवाय शहराचा मैला आता स्वच्छ राहिलेला नाही. त्यात कारखान्यांचं पाणी मिसळतं, शिसं, कॅडमियम मिसळतं. रेल्वेच्या मोकळ्या जागेवर, रुळांच्या कडेला पिकणारी भेंडी, माठ, पालक आपण वर्षानुवर्षं लोकलमधून बघत आलो. शहरातल्या पडीक जागेत भाजी पिकवण्याची कल्पना चांगली होती, पण नाल्याचं पाणी तिच्या आड आलं. मैलापाण्याचं काम मोठं आहे, सरकारचं आहे आणि त्याला वर्षं लागतील. पण ओला कचरा तसा नाही. दादरच्या बाजारात पहाटे पडणारी फ्लॉवरची पानं, वाशीला फेकला जाणारा माल, हा कशातही न मिसळलेला, स्वच्छ ओला कचरा आहे. प्लास्टिकमध्ये कालवण्याआधी तिथल्या तिथे उचलला तर त्याचं कंपोस्ट खत नियंत्रण आदेशात बसेल. त्या आदेशात शहरी कंपोस्टला शिशाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम, कॅडमियमची ५, आणि नत्र किमान ०.८ टक्के अशी अट आहे. कचरा आधीच वेगळा ठेवला तर ही परीक्षा पास होणं कठीण नाही. सगळं एकत्र करून मग चाळलं, की शिसं, काच आणि बॅटऱ्यांचा चुरा शेतकऱ्याच्या माथी येतो, आणि त्याने एकदा तो अनुभव घेतला की पुन्हा तो शहराचं खत दारात उभं करत नाही.

वाहतुकीचा खर्च हा यावरचा नेहमीचा आक्षेप. टनामागे आठ-दहा किलो नत्रासाठी दीडशे किलोमीटर गाडी कोण पळवणार? नत्रापुरता विचार केला तर आक्षेप बरोबर आहे, आणि २०१६ साली केंद्राने शहरी कंपोस्टला टनामागे १,५०० रुपयांची मदत जाहीर केली तेव्हाही तो संपला नाही. पण शेतकऱ्याला कंपोस्टमधून नत्राइतकाच कर्ब हवा आहे, आणि कर्बाची गोणी कुठल्याच कारखान्यात निघत नाही. दुसरं म्हणजे गाडी पळतेच आहे. मामाचा माल नेणारा टेम्पो वाशीला रिकामा होतो आणि परत येताना त्यात मोकळे कॅरेट आणि ड्रायव्हरची झोप एवढंच असतं. बाजार समितीच्या आवारातच कंपोस्ट झालं, तपासलं गेलं, आणि परतीच्या टेम्पोला गोणीमागे भाडं मिळालं, तर चक्राचा एक तरी आरा जोडला जाईल. २०१७ साली महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. आमच्या सोसायटीने दोन टाक्या बसवल्या. खत होतं, छान होतं, आणि बागेतल्या चार कुंड्यांना पुरून उरलेलं गोण्यांत भरून जिन्याखाली पडून राहतं. वर्षभर आम्ही ते न्या म्हणून ठिकठिकाणी फोन केले. कुणाच्याच कामाच्या यादीत ते नव्हतं.

या जानेवारीत मी मामाच्या टेम्पोवाल्याला विनंती केली. तो वाशीहून परतताना ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला आला आणि जिन्याखालच्या सहा गोण्या घेऊन गेला. भाडं आम्ही तीन घरांनी मिळून दिलं. मामाने लगेच रानात टाकल्या नाहीत. "तुमच्या मुंबईचा भरवसा नाही, आधी तपासून घेतो," म्हणाला, आणि मला ते आवडलं. नमुना प्रयोगशाळेत गेला आहे. गोण्या ओसरीवर उभ्या आहेत, मामी म्हणते वास मातीचाच येतोय. विहिरीच्या रानात कुठल्या वाफ्यांना घालायचं आणि कुठले तुलनेसाठी कोरे ठेवायचे, याच्या खुणा मामाने खुंट्या ठोकून करून ठेवल्या आहेत. कॅलेंडरमागे तिसऱ्या कागदाला जागा आहे.